घाईत जुना कोड जुंपताना

रविवारी सकाळी टिळकनगरात आमच्याकडे चार-पाच पोरं जमतात. पोहे आधी, लॅपटॉप नंतर. परवा एकाने विचारलं, "काकू, लढाई सुरू झाल्यावर लष्करी सॉफ्टवेअर आठ-पंधरा दिवसांत बदलतात तरी कसं?" बदलतात, कारण नवं लिहीतच नाहीत. जुनं उचलतात आणि ठिगळ लावतात. मी बावीस वर्षं यंत्रांतला कोड लिहिला, तेव्हा ठिगळ कसं लावावं तेवढं सांगते.

आधी कोड उघडू नका, वही उघडा. जुन्या कोडने काय काय धरून चाललंय ते लिहा: घड्याळाचा टिक (यंत्राच्या वेळमोजणीचा एक ठोका) केवढा, अंतर मीटरमध्ये की फुटात, समोरची वस्तू किती वेगाने येणार, यंत्र सलग किती तास चालणार. यातलं निम्मं कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि तो कधीच निवृत्त झालेला असतो. मलाही हा धडा फुकट मिळाला नाही. महूकडे एका रेडिओची चाचणी होती. मी जुन्या बोर्डावरचा कोड जसाच्या तसा नव्यावर चढवला. उत्तर आलं नाही तर 300 टिक थांबून पुन्हा हाक मारायची, असं त्यात होतं. जुना टिक 10 मिलिसेकंदांचा, नवा 1 चा. तीन सेकंदांचा दम 0.3 सेकंदावर आला, सेट रात्रभर हाका मारत बसला आणि सकाळी बॅटरी पार झोपलेली. त्या 300 पुढे एकक लिहिलेलं असतं तर माझी बोलणी वाचली असती.

आता खरं काम. बदल करायचा तो सगळीकडे करा, नाहीतर करूच नका. इथे मी पोरांना पॅट्रियट या अमेरिकन हवाई संरक्षण यंत्रणेचं गणित हाताने करायला लावते. ही यंत्रणा मूळची विमानं पाडायला बनवलेली. 1991 च्या आखाती युद्धात तिला इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांपुढे उभं केलं आणि त्यासाठी तिचं सॉफ्टवेअर घाईघाईने, पुन्हा पुन्हा बदललं. यंत्र चालू केल्यापासूनचा वेळ ती सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायची आणि 0.1 ने गुणून सेकंद काढायची. पण 0.1 हा आकडा 24 बिटांत पुरता बसत नाही, 0.000000095 एवढी शेपटी तुटते. शंभर तासांत दहावे भाग होतात 36 लाख. गुणा: 0.34 सेकंद. स्कड सेकंदाला सुमारे 1,676 मीटर जातं, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त चूक.

पोरं म्हणतात, मग जास्त अचूक रूपांतर लिहायचं की! लिहिलं होतं. तिथेच तर मेख आहे. नवं रूपांतर काही ठिकाणी बसवलं, काही ठिकाणी जुनंच राहिलं. स्कड पुढे कुठे दिसेल ते यंत्रणा घड्याळाच्या दोन वेळांच्या वजाबाकीवरून काढायची. त्या दोन्ही वेळांत सारखीच चूक असती तर वजाबाकीत ती उडून गेली असती. एक वेळ सुधारली, दुसरी तशीच, म्हणून फरक उरला. 25 फेब्रुवारीला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये यंत्रणेने स्कड चुकीच्या जागी शोधलं. बराकीतले 28 अमेरिकन सैनिक गेले.

तेव्हा बदलायच्या फंक्शनचं नाव ग्रेपने (फाइलींत शब्द शोधणाऱ्या आज्ञेने) शोधा, किती जागी सापडलं तो आकडा वहीत लिहा आणि बदल झाल्यावर पुन्हा मोजा. नावाशिवाय नुसतं 0.1 ने गुणलेलं असतं तेही शोधा. ते ग्रेपच्या हाती सहजी लागत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं.

चाचणीला प्रत्यक्ष मैदानातली नोंद वापरा, मनाने बनवलेली नको. आणि यंत्र दोन-तीन दिवस सलग चालू ठेवा. वेळ नाही म्हणून हीच चाचणी पहिली गळते.

बाहेरचा मुक्त कोड घेत असाल तर कोणती आवृत्ती घेतली ते टिपा आणि स्वतःचे बदल वेगळे ठेवा. युक्रेनच्या ड्रोनमधलं बीटाफ्लाइट हे उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर बघा: मल्टीवी, त्यातून बेसफ्लाइट, मग क्लीनफ्लाइट, मग हे. मल्टीवीने सुरुवातीला वी या गेमयंत्राच्या रिमोटातले सेन्सर वापरले, नाव तिथलंच. वंशावळ ठाऊक नसेल तर वरच्या पिढीतली दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचायची नाही.

शेवटी यंत्र चालवणाऱ्यांसाठीची चिठ्ठी. हिला कोणी काम समजत नाही, पण मी आधी हीच तपासते. पॅट्रियटचंच बघा. इस्रायलच्या नोंदींवरून 11 फेब्रुवारीलाच कळलं होतं की आठ तासांत शोधखिडकी, म्हणजे रडार पुढचं लक्ष्य जिथे शोधतं तो आकाशाचा तुकडा, 20 टक्के सरकते. 21 तारखेला तुकड्यांना कळवलं, यंत्र फार वेळ चालवलं तर अडचण येऊ शकते. फार वेळ म्हणजे किती, ते कळवलं नाही. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं 26 ला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की घड्याळ शून्यापासून सुरू व्हायचं, आणि त्याला मिनिट-दीड मिनिट लागायचं.

म्हणून माझ्याकडची पोरं कंपाइल करण्याआधी चिठ्ठी लिहितात. परवाची एक अशी होती: "दर 6 तासांनी बंद-चालू करा. 90 सेकंद लागतात. तेवढ्यात शेजारचा सेट चालू आहे ना, ते आधी बघा." ती लिहिणाऱ्या मुलीला मी जिलबी जास्त वाढली.