गाडी नसताना रिजनल ऑस्ट्रेलियात राहायला जाताय? आधी परतीची बस बघा

४९१ व्हिसावर (रिजनल भागातच राहून काम करायच्या अटीचा तात्पुरता व्हिसा) किंवा एखाद्या रिजनल नोकरीवर निघालात, लायसन्स भारतातलंच आहे आणि गाडीचं "तिकडे गेल्यावर बघू" असं चाललंय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. व्हिसाच्या हिशोबात सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडलं तर बाकी सगळं रिजनलच, पर्थ आणि ॲडलेडसुद्धा, पण तिथे बस-ट्रेन आहेत, तिथे जाणाऱ्यांनी हे नाही वाचलं तरी चालेल. मी सांगतेय ते न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडचं, डब्बो शहराच्या पुढे निंगन, कोबार, बर्क ह्या पट्ट्यातलं. कुकर, कागदपत्रं, स्वेटर तुमचं तुम्ही बघालच.

नोकरीला हो म्हणायच्या आधी सरकारी ट्रिप प्लॅनर उघडा आणि गावाचं नाव टाका. नुसतं "बस आहे का" बघून थांबू नका. शिफ्ट सकाळी सातची असेल तर सातच्या आधीची बस आहे का, शनिवारी आहे का, रविवारी आहे का (बऱ्याच गावांत रविवारी नसतेच), आणि शाळेच्या सुट्टीत आहे का. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. कितीतरी गावांत जी काही बस असते ती मुळात शाळेच्या मुलांसाठी असते, टर्म संपली की बस बंद, आणि वर्षाला चार टर्म म्हणजे चार सुट्ट्या, त्यातली डिसेंबर-जानेवारीची तर सहाएक आठवड्यांची. टाइमटेबलखाली बारीक अक्षरात "स्कूल डेज ओन्ली" लिहिलेलं असतं, ते शोधून वाचा. आणि जायची वेळ सापडली की लगेच, तिथल्या तिथे, दोन्ही गावांची नावं उलटी टाकून परतीची वेळ बघा. नंतर बघू म्हणालात की राहतं.

परतीचं एवढं का सांगतेय तर त्यामागे कारण आहे. सिडनीहून डब्बोला दिवसाला एकच थेट ट्रेन येते, एक्सपीटी, ह्या गाड्या १९८२ पासून धावतायत. सकाळी सातच्या सुमाराला सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून निघते, साडेसहा तासांनी डब्बोला पोचते, आणि तीच गाडी अर्ध्या तासाच्या आसपास तिथे थांबून परत सिडनीला जाते. पश्चिमेच्या गावांतल्या कोच, म्हणजे लांब पल्ल्याच्या बस, ह्या ट्रेनला जोडून आखलेल्या आहेत. म्हणजे गावाकडची कोच तुम्हाला दुपारची ट्रेन सुटायच्या जरा आधी डब्बोत आणून सोडते, आणि गावाकडे जाणारी कोच ट्रेन आल्यावर लगेच सुटते. सिडनीला जाणाऱ्याला हे सोयीचंच आहे. पण तुमचं काम डब्बोतच असेल, डोळ्यांचा डॉक्टर, दात, स्कॅन, काहीही, तर तुम्ही उतरता आणि थोड्याच वेळात तुमची परतीची कोच निघून जाते. मी दुपारी तीनची अपॉइंटमेंट घेतली होती. जायचं तिकीट काढलं, रिपोर्ट घेतले, डबा घेतला, परतीचं बघितलंच नाही. पुढची कोच दुसऱ्या दिवशी. मोटेलचं भाडं गेलं, शिफ्ट बुडाली आणि मुलीला शेजारच्या आजींकडे रात्रभर ठेवावं लागलं.

तेव्हा अपॉइंटमेंट घेताना आधी परतीची कोच बघा, मग डॉक्टरची वेळ मागा. क्रम हाच. रिसेप्शनला फोनवर सरळ सांगा की मी कोचने येणार आहे, अमुक वाजता माझी परतीची गाडी आहे, त्यात बसवता येईल का. गावाकडून येणारे पेशंट त्यांना नवीन नसतात, शक्य असेल तर ते वेळ हलवतात. नाहीच जमलं तर एक रात्र धरूनच चला आणि मोटेल आधी बुक करा, आठवड्याच्या मधल्या दिवशीसुद्धा कामगारांनी खोल्या भरलेल्या असतात. फोनवर किंवा व्हिडिओवर होण्यासारखं असेल तर टेलिहेल्थ मागा. स्पेशालिस्ट १०० किलोमीटरहून लांब असेल आणि तुमच्याकडे मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) असेल तर इप्टास नावाची राज्य सरकारची योजना आहे, प्रवासाचा आणि राहण्याचा काही खर्च परत मिळतो, पावत्या जपून ठेवा आणि फॉर्म दवाखान्यातून निघायच्या आधी भरून घ्या.

सिडनीचंही तसंच. डब्बोहून दुपारी निघालात की रात्री नऊच्या सुमाराला सेंट्रल, दुसऱ्या दिवशी काम, पण त्या दिवशीची सकाळची ट्रेन गेलेली, म्हणजे थेट परतीची गाडी तिसऱ्या दिवशी. एका दिवसाच्या पासपोर्टच्या कामाला दोन रात्री. ब्रोकन हिलला जाणार असाल तर सिडनीहून थेट ट्रेन आठवड्यातून एकदाच, सोमवारी येते आणि मंगळवारी परत जाते, बाकीचे दिवस कोच. शिवाय ब्रोकन हिलचं घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर चालतं, सिडनीच्या अर्धा तास मागे, तेव्हा टाइमटेबलमधली वेळ कुठल्या घड्याळाची ते बघूनच स्टेशनवर जा. व्हिक्टोरियात भाडं कमी आहे, मार्च २०२३ पासून व्ही-लाइनला (तिथली रिजनल ट्रेन-कोच सेवा) मेलबर्न शहराइतकीच दिवसाची कमाल मर्यादा आहे, पण त्या भाड्यावर भुलून मिल्ड्युरा गावातली नोकरी घेऊ नका, तिथली प्रवासी ट्रेन १९९३ला बंद झाली ती झालीच, बेंडिगो नाहीतर स्वान हिलहून पुढे कोचच.

बुकिंग. इथे एसटीसारखा हात दाखवून गाडी थांबवायचा प्रकार नाही आणि गाडी चुकली तर मागून वडापही येत नाही. कोचला आणि एक्सपीटीला सीट आधी बुक करावी लागते. ओपल कार्ड (सिडनीच्या बस-ट्रेनचं टॅप करायचं कार्ड) बॅथर्स्टपर्यंतच चालतं, डब्बोच्या प्रवासाला नाही. लाँग वीकेंड, इस्टर, ख्रिसमसच्या सीट लवकर जातात. दोन्ही बाजूंचं तिकीट एकदमच काढा, जायचं मिळालं म्हणून खूश होऊन बंद करू नका, परतीचं त्याच बैठकीत. सामान माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २० किलो, आणि तुम्ही भारतातून विमानात २३ किलोच्या भरून आणलेल्या असणार, तेव्हा सिडनीतच वजन सारखं करा. ट्रॅकवर काम असलं की ट्रेनऐवजी बस मिळते, आदल्या संध्याकाळी बघा.

लायसन्सचं नीट वाचा. न्यू साउथ वेल्समध्ये टेम्पररी व्हिसावाल्यांनाही राहायला आल्यापासून सहा महिन्यांत इथलं लायसन्स घ्यावं लागतं, हा नियम १ जुलै २०२३ पासून आहे, "भारतातल्यावर कितीही वर्षं चालतं" हे जुन्या लोकांचं ऐकू नका. भारत मान्यताप्राप्त देशांच्या यादीत नाही, त्यामुळे आधी कॉम्प्युटरवर नॉलेज टेस्ट आणि मग रस्त्यावरची टेस्ट, दोन्ही द्याव्याच लागतात. रस्त्यावरची टेस्ट नापास झालात तर भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवायची मुभा तिथेच संपते, लर्नर घ्यावं लागतं आणि शेजारी पूर्ण लायसन्सवालं माणूस बसल्याशिवाय चालवता येत नाही. म्हणजे टेस्टला एकटे गाडी चालवत गेलात आणि नापास झालात तर परत कसे येणार? गाडी तिथेच, तुम्ही तिथेच. टेस्टला जाताना इथलं पूर्ण लायसन्स असलेलं कोणीतरी बरोबर न्याच. मी एवढंच म्हणेन की पंधरा वर्षांचा पुण्याच्या ट्रॅफिकमधला अनुभव आहे म्हणून तसेच जाऊ नका, दोन-तीन लेसन घ्या. राउंडअबाऊट, ब्लाइंड स्पॉटला मान वळवून बघणं, स्कूल झोनचा ४० चा स्पीड, ह्यातच लोक नापास होतात. नवरा-बायको दोघांनीही लायसन्स काढा. एकच ड्रायव्हर असलेलं घर म्हणजे तो आजारी पडला की सगळे घरात.

घर कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याइतकं जवळ घ्या, भाडं जास्त पडलं तरी. गावाबाहेर स्वस्तात मोठं घर मिळतं, मोठं अंगण असतं, मुलांना आवडतं, आणि पहिल्या आठवड्यात कळतं की दूध आणायला सहा किलोमीटर. गाडी येईपर्यंत तरी नको. नकाशावरचं अंतर बघून फसू नका, फूटपाथ आहे का बघा, रात्री दिवे आहेत का बघा, आणि जानेवारीत ४० च्या पुढे तापमान असताना दुपारी ते अंतर चालवेल का ह्याचा विचार करा. सायकल घेतलीत तर हेल्मेट सक्तीचं आहे. गावात टॅक्सी आहे का, असली तर किती आणि रात्री किती वाजेपर्यंत, हे घर घ्यायच्या आधी विचारा. उबर गृहीत धरू नका, ॲप उघडतं पण गाडीच नसते. काही गावांत क्लबची कर्टसी बस असते, जेवायला आलेल्यांना घरी सोडते, तेवढाच आधार.

माणसांना विचारायला लाजू नका. नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी सांगून टाका की गाडी नाहीये, कोण कुठून येतं, बरोबर येता येईल का. इथली माणसं मदत करतात, मनापासून करतात. पेट्रोलचे पैसे द्या. पण नेणाऱ्याला विचारताना "मला सोडाल का" एवढंच नका विचारू, "परत किती वाजता निघणार" हे विचारा, कारण ते डब्बोहून पुढे बहिणीकडे राहणार असतील तर तुम्ही डब्बोत अडकलात. मुलांच्या स्कूल बसचा फॉर्म शाळेच्या ॲडमिशनबरोबरच भरा. जिथे बसच जात नाही तिथे पालकांना गाडीने सोडायचा काही खर्च मिळतो, स्कूल ड्राइव्ह सब्सिडी, शाळेत विचारा. काही ठिकाणी स्कूल बसमध्ये पैसे देऊन मोठ्यांनाही बसता येतं, बस चालवणाऱ्याला विचारा. पण ती तुम्हाला सकाळी आठला गावात नेते आणि परतीची साडेतीनला, मध्ये काही नाही.

ॲम्ब्युलन्स. नंबर ट्रिपल झीरो, म्हणजे ०००. मेडिकेअरमध्ये ॲम्ब्युलन्सचा खर्च येत नाही, क्वीन्सलंड आणि टास्मानियात राहणाऱ्यांना फुकट असते, न्यू साउथ वेल्समध्ये बिल येतं, त्यामुळे ॲम्ब्युलन्स कव्हर आधी घेऊन ठेवा. आणि लक्षात घ्या, ॲम्ब्युलन्स नेते, आणत नाही. रात्री अकराला छातीत दुखतंय म्हणून डब्बोला नेलं, पहाटे तीनला ॲसिडिटी आहे म्हणून सोडून दिलं, तर पायात चप्पल, खिशात पाकीट नाही, आणि घर दीडशे किलोमीटरवर. निंगन ते डब्बो साधारण एवढंच अंतर आहे. दाराजवळ एक पिशवी भरून ठेवा: चार्जर, कार्ड, बूट, जॅकेट, रोजच्या गोळ्या. आणि रात्री फोन करता येईल अशा दोघांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. सोडायच्या आधी नर्सला सांगा की घरी जायला गाडी नाही, सोशल वर्करशी बोलता येईल का. हे सांगायला संकोच करू नका.

फोन: गावात कुठल्या नेटवर्कची रेंज आहे हे कव्हरेज मॅपवर बघूनच सिम घ्या, बऱ्याच ठिकाणी टेल्स्ट्राशिवाय पर्याय नसतो, आणि टेल्स्ट्राच्या नेटवर्कवर चालणाऱ्या सगळ्याच स्वस्त कंपन्यांना पूर्ण नेटवर्क मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ ला थ्रीजी बंद झालं, भारतातून आणलेला जुना हँडसेट फोरजीवरून इमर्जन्सी कॉल करू शकत नसेल तर इथे ब्लॉक होतो. नवीन घ्या. टाइमटेबलचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, हायवेवर रेंज जाते.

किराणा पंधरा दिवसांचा भरा. पोहे, डाळी, ज्वारीचं पीठ डब्बोहून किंवा हॅरिस पार्कहून (सिडनीतला भारतीय दुकानांचा भाग) कोणी येत असेल तर मागवा, पोस्टानेही येतं. घरपोच ऑनलाइन डिलिव्हरी तुमच्या पोस्टकोडला आहे का आधीच तपासा.

गाडी घेताना: पीपीएसआर चेक (गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का हे कळतं) २ डॉलरला होतो, केल्याशिवाय पैसे देऊ नका. पाच वर्षांहून जुनी असेल तर दरवर्षी पिंक स्लिप, म्हणजे गाडीची सुरक्षा तपासणी. ग्रीन स्लिप (सक्तीचा विमा), रेगो (रजिस्ट्रेशन). रोडसाइड असिस्टन्स घ्याच, टोइंग किती किलोमीटरपर्यंत ते वाचा. स्पेअर चाक, पाणी. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू, शक्यतो त्या वेळी निघू नका, समोर आलाच तर ब्रेक मारा, स्टिअरिंग झटकू नका. रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब असतात, घाईने ओव्हरटेक नको. पुरात रस्ते बंद होतात, लाइव्ह ट्रॅफिक ॲप बघा.

आई-बाबा येणार असतील तर त्यांचं विमान सकाळी सातच्या ट्रेनला गाठेल असं धरू नका, सिडनीत एक रात्र बुक करा. त्यांचं लायसन्स असेल तरी हायवेवर चालवायला देऊ नका. ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या. कोचच्या पायऱ्या उंच असतात, व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच सांगा, प्रत्येक कोचमध्ये लिफ्ट नसते.