बुद्धिबळाची पुस्तकं आणि व्हिडिओ निवडताना या चुका टाळा

लालबागला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी सात-आठ पट मांडले जातात. शाळेतली मुलं येतात, नोकरी करणारेही येतात. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी विचारतो, "काका, कुठलं पुस्तक घेऊ? कुठला चॅनल बघू?" मी उलट विचारतो, "शेवटचे पाच डाव कशानं हरलात?" याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं. दुखतंय कुठे हे माहीत नसताना औषध आणायला निघण्यातला प्रकार आहे हा. पुढच्या जवळपास सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

सापळ्यांचे व्हिडिओ

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. "आठ चालींत मात", "हे ओपनिंग खेळा आणि कुणालाही हरवा" असे व्हिडिओ मुलं रात्री उशिरापर्यंत बघतात. ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली.

आमच्याकडचा तेरा वर्षांचा एक मुलगा स्टॅफर्ड गॅम्बिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन सापळा लावायचं काळ्याचं ओपनिंग, शिकून आला. (पटाचे उभे रकाने ए ते एच आणि आडव्या ओळी एक ते आठ, त्यावरून घरांची नावं.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, पांढरा ई५ वरचं प्यादं मारतो, काळा घोडा सी६ ला आणतो. घोड्यांची मारामारी होते आणि काळा एक प्यादं गमावून बसतो. पुढे पांढऱ्यानं डी३ केलं, काळ्याचा उंट सी५ ला आला, आणि आता पांढऱ्यानं हावरेपणानं उंट जी५ ला आणला की गंमत सुरू. काळा घोडा ई४ वरचं प्यादं खातो. पांढरा काळ्याचा वजीर मारतो. उंट एफ२ वर शह, राजा ई२ ला, दुसरा उंट जी४ ला, मात! वजीर देऊन मात, बघायला सुंदरच आहे. मोबाइलवर त्यानं अशी पंधरा-वीस जणांना मात दिली होती.

मग दादरला एका शाळेच्या हॉलमधल्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीत त्याच्यासमोर एक निवृत्त गृहस्थ बसले. त्यांनी डी३ केलं आणि पुढच्या चालीला उंट जी५ ला न नेता शांतपणे ई२ ला ठेवला. बस. पोरगा त्या चालीवर वीस मिनिटं बसून राहिला. मी लांबून बघत होतो. तो पटाकडे बघत नव्हता, व्हिडिओ आठवत होता. पस्तिसाव्या चालीपर्यंत मोहरी संपली, पटावर राजे आणि प्यादी उरली, आणि सुरुवातीला मारलेल्या त्या प्याद्यामुळे गृहस्थांकडे जे एक प्यादं जास्त होतं, ते चालत जाऊन वजीर झालं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "पण काका, व्हिडिओत पांढरा तिथे उंट जी५ ला आणतो!"

त्या मुलात हुशारी कमी नव्हती. त्याला शिकवणाऱ्यानं समोरच्यानं चूक केली तर काय करायचं एवढंच शिकवलं होतं. म्हणून ओपनिंगचा व्हिडिओ निवडताना मी एकच गोष्ट बघतो. समोरचा साध्या, शहाण्या चाली खेळला तर पुढे काय करायचं, कुठलं मोहरं कुठे न्यायचं, हे त्यात सांगितलंय का? नसेल तर बंद करा. आणि स्वतःचे आठ-दहा डाव पहिल्या दहा चालींतच बिघडले असतील तरच ओपनिंगच्या वाटेला जा. नवशिक्याचे बहुतेक डाव विसाव्या-पंचविसाव्या चालीला फुकट दिलेल्या घोड्यानं हरलेले असतात. त्यावर इलाज दुहेरी हल्ला, पिन (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे पुढचं मोहरं अडकणं), दोन चालींत मात अशी कोडी हा आहे. ती लिचेस या संकेतस्थळावर पैसे न भरता सोडवता येतात. रोज दहा सोडवा, पण उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय मोहऱ्याला बोट लावू नका. घाईघाईनं शंभर सोडवणाऱ्यांना मी ओळखतो, त्यांची पाटी कोरीच राहते.

पट न मांडता बघणं, वाचणं

डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाणारे एक गृहस्थ दोन वर्षं लोकलमध्ये बुद्धिबळाचे व्हिडिओ बघत होते. जाता-येता मिळून दोन-अडीच तास. रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, जिथल्या तिथे. त्यांनी आदल्या दिवशी बघितलेल्या डावातलीच एक स्थिती मी पटावर मांडली आणि विचारलं, "पांढरा काय खेळला?" सांगता आलं नाही. बघताना सगळं पटलं होतं त्यांना, पण स्वतःहून एकही चाल शोधली नव्हती.

माझी सवय सांगतो. पुस्तकातल्या चालींवर मी जुनं पोस्टकार्ड ठेवतो. पटावर डाव मांडतो, एका बाजूची पुढची चाल स्वतः ठरवतो, शंभर पानी वहीत लिहितो आणि मगच कार्ड एक ओळ खाली सरकवतो. व्हिडिओचंही तेच. निवेदक "आता इथे..." म्हणाला की थांबवायचा. वीस मिनिटांचा व्हिडिओ असा बघायला तास लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. त्या गृहस्थांना मी सांगितलं, गर्दीत उभ्यानं पट मांडता येत नाही, तर गाडीत 'दोन चालींत मात' अशी कोडी करा आणि व्हिडिओ घरी, पटासमोर, आठवड्याला एकच. परवा त्यांनी वही दाखवली. तीस चालींपैकी अकरा जुळल्या होत्या, आणि न जुळलेल्या प्रत्येक चालीपुढे "घोड्याचा शह दिसला नाही" असं कारण लिहिलेलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपलं दुखणं सापडलं.

लांब व्याख्यानंच निवडायची असतील तर अमेरिकेतल्या सेंट लुईस चेस क्लबच्या यूट्यूब चॅनलवरची ग्रँडमास्टर यासर सेरावान यांची बघा. ते समोरच्या श्रोत्यांना चाल विचारतात, तेव्हा आपणही थांबून उत्तर शोधायचं.

फुटपाथवरचं जुनं पुस्तक

माटुंग्याच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला मलाही आवडतं. पण बुद्धिबळाचं पुस्तक घेण्याआधी मधलं एखादं पान उघडा. चाली "पी-के४, एन-केबी३" अशा छापलेल्या असतील तर ती जुनी, वर्णनात्मक पद्धत. तिच्यात प्रत्येक खेळाडू घरं आपल्या बाजूनं मोजतो, म्हणजे पांढऱ्याचं के४ हे ई४ आणि काळ्याचं के४ हे ई५. आमच्याकडच्या एका मुलीनं असं पुस्तक हौसेनं आणलं आणि पहिल्याच चालीला अडली, "काका, दोघांची प्यादी एकाच घरात कशी?" बिचारीनं ते पुस्तक महिनाभर उघडलं नाही. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९८१ पासून ही पद्धत मानणं बंद केलं. चांगल्या जुन्या पुस्तकांच्या आजच्या पद्धतीतल्या आवृत्त्या निघाल्या आहेत, त्याच घ्या. आयर्विंग चेर्नेव्ह यांचं १९५७ मधलं "लॉजिकल चेस" त्यांपैकीच. ३३ डाव, आणि प्रत्येक चालीचं कारण दिलेलं. काही नियम ते फार ठासून सांगतात, पण नवशिक्याला पहिलं पुस्तक म्हणून मी अजून तेच देतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

आपल्या ताकदीपलीकडचं पुस्तक घेणं. एका दहा वर्षांच्या मुलासाठी त्याचे वडील द्वोरेत्स्की या प्रशिक्षकांचं, मुरलेल्या खेळाडूंसाठीचं "एंडगेम मॅन्युअल" घेऊन आले होते, आणि मुलाला राजासमोर राजा आणून वाट अडवणंही माहीत नव्हतं. एंडगेमसाठी, म्हणजे थोडी मोहरी उरल्यावरच्या शेवटासाठी, जेरेमी सिल्मन यांचं पुस्तक घ्या. ते रेटिंगनुसार भाग पाडून लिहिलंय. आपला भाग पुरा करा आणि पुस्तक मिटून ठेवा.

रेटिंगचे आकडे डोळे झाकून मानणं. फिडेनं मार्च २०२४ पासून किमान रेटिंग १४०० केलं, आणि ऑनलाइनचा आकडा हा वेगळाच असतो. जुन्या पुस्तकावरचा "१२०० साठी" हा शिक्का आज तसाच लागू होत नाही. पुस्तकातली दहा कोडी सोडवून बघा. सहा-सात सुटली तर ते तुमचं.

पेनड्राइव्हवर तीनशे पुस्तकं भरून ठेवणं. चोरीच्या प्रती आहेत हे तर झालंच, पण त्यातलं एकही पुरं वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

हरलेला डाव लगेच इंजिनला, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणकाला, दाखवणं. आधी वहीत लिहा, कुठे चुकलो असं मला वाटतं. इंजिन दुसऱ्या दिवशी.

चार पुस्तकं एकदम सुरू करणं. एक पुस्तक, एक वही, तीन महिने. स्टॅफर्डवाला तो मुलगा सध्या राजा-प्याद्यांच्या डावांवर आहे. त्या निवृत्त गृहस्थांशी झालेला शेवट त्यानं वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवलाय, आणि तो बरोबरीत सुटला असता का, हे तो अजून शोधतोय. मी उत्तर सांगितलेलं नाही.