सायफाय चिलखत मातीत घडवताय? या चुका टाळा

२०११ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकाचं हेल्मेट हे शिल्प नाही, ती सिनेमासाठी लागणारी कामाची वस्तू आहे. मूर्तिकार म्हणून मला जरा झोंबलंच, पण आमच्या निम्म्या चुका हे विसरल्यामुळेच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हात खाली सोडून ताठ उभ्या असलेल्या माणसाचा बॉडीकास्ट, म्हणजे अंगाची साच्यातून काढलेली प्रतिकृती, घ्यायचा आणि त्यावर थेट माती चढवायची. आतला सूट, पॅडिंग, श्वास घेताना फुगणारी छाती, कशालाच जागा सोडलेली नसते. मीपण केलंय हे. छातीची प्लेट झकास झालेली, पण नटाने हात वर केले तशी ती वर सरकली आणि कड गळ्यात घुसली, मग ट्रायलच्या आदल्या रात्री बगला घासत बसलो. आता आधी फोमशीटचे तुकडे टेपने जोडून मॉकअप करतो, आणि नट नसेल तर जो सापडेल त्याला ते घालून बसायला, वाकायला, जिना चढायला लावतो.

दुसरी चूक अंडरकट. व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये प्लास्टिकची गरम शीट खालची हवा खेचून साच्यावर ओढली जाते, कड आत वळलेली असली की थंड झालेला पीस साच्यालाच अडकून बसतो. उभ्या बाजूंना ३ ते ५ अंशांचा उतार द्या, आणि खोलगट कोपऱ्यांत बारीक भोकं पाडा, नाहीतर तिथे हवा अडकून शीट नीट बसत नाही. शीट साच्यावरून बसते त्यामुळे बारीक रेघा बोथट होतात, म्हणून मातीतच त्या जरा जास्त खोल आणि रुंद कोरायच्या.

साचा काढायला मातीवर ओतलेलं सिलिकॉन दोन दिवसांनीपण चिकटच? मातीत गंधक असणार. प्लॅटिनमवालं (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकॉन गंधकामुळे सेट होत नाही, लेटेक्सच्या ग्लोव्ह्जनेही तोच घोळ होतो, आणि एकदा बिघडलं की वाट बघून काही होत नाही, खरवडून काढा आणि पुन्हा ओता. बिनगंधकाची माती घ्या किंवा टिनवालं सिलिकॉन वापरा, पण आधी एका कोपऱ्यात टेस्ट कराच.

सिमेट्रीचं मात्र फार टेन्शन घेऊ नका. शिल्पकार ब्रायन म्यूर यांनी मातीत हाताने घडवलेला ‘स्टार वॉर्स’मधल्या खलनायकाचा, डार्थ व्हेडरचा पहिला मुखवटा नीट बघा, दोन्ही बाजू सारख्या नाहीत, तरी बघणाऱ्याला धडकी भरतेच. कॉम्प्युटरवर आरशासारखे उलटवलेले चेहरे मला तरी मेलेले वाटतात.

फिनिशिंगला घाई नको. मातीत न दिसलेले खड्डे चकचकीत रंग लागला की लाइटखाली लगेच दिसतात, त्यामुळे पहिल्या कास्टवर, म्हणजे साच्यातून निघालेल्या पहिल्या पीसवर, ग्रे प्रायमर मारायचा, खोलीत अंधार करायचा आणि टॉर्च अगदी आडवा धरून बघायचं.