गच्चीवरची हिवाळी बाग : सप्टेंबरअखेरीची तयारी

नाशिकच्या गच्चीवर भाजीचा खरा हंगाम हिवाळाच, पण त्याची तयारी पाऊस ओसरता ओसरताच करावी लागते. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो. तेव्हा टाकलेलं बी कुंडीत नुसतं बसून राहतं आणि उशिरा लावलेला टोमॅटो फुलं धरून गाळून टाकतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माती आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरणी, असा हिशेब ठेवा. घटस्थापनेचा मुहूर्त सोयीचा वाटतो खरा, पण अधिक मासाच्या वर्षी तो पुढे सरकतो. तारीखच धरलेली बरी.

कुंड्या हलवण्याआधी ऊन पाहा. उन्हाळ्यात तापणारी जागा हिवाळ्यात सावलीत जाऊ शकते, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा ३ फुटी कठड्याची सावली उत्तरेला जवळपास ३ फूट पडते. म्हणून दक्षिणेच्या कठड्यालगत पालक, पुदिना ठेवा आणि टोमॅटो, मिरची, झेंडू मोकळ्या उन्हात. वजनाचंही आत्ताच ठरवा. ओल्या मातीचा १ फुटी थर दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतो, तर घरांच्या वापरत्या गच्च्या साधारण १५० किलोच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. सगळ्या गच्चीवर वाफे भरण्याचा विचार सोडा. जड कुंड्या भिंतीलगत, खाली बीम असेल त्या रेषेत ठेवा.

पावसाळाभर भिजलेली माती घट्ट बसलेली असते. कुंड्या प्लॅस्टिकवर रिकाम्या करा, जुनी मुळं आणि हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेचा, माती ३-४ दिवस कडक उन्हात पसरून ठेवा. आपल्याकडची काळी माती एकटी कुंडीत भरू नये. सुकली की ती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून खाली जातं आणि मुळं कोरडी राहतात. २ भाग माती, १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत हे मिश्रण चालतं; १२ इंची कुंडीला वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत हाताला गरम लागलं किंवा वास मारला तर ते अजून कच्चं आहे, मुळं जाळतं. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून ६० ते ७० लिटर होते, तेव्हा घमेलं नव्हे, मोठा टब घ्या. वापरण्याआधी एकदा धुऊन पाणी फेकून द्या, कारण त्यात क्षार असतात. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) १ किलो गांडूळखतात १० ग्रॅम मिसळून ओलसर ठेवा आणि आठवडाभर सावलीत झाकून मग कुंडीत घाला. रोपं बुडाशी सडून कोलमडतात ती रोपमर याने बरीच आटोक्यात राहते. कुंडीखाली दोन विटा ठेवल्या की तळाची भोकं मोकळी राहतात.

बियाण्यात सगळ्यात जास्त चुका कोथिंबिरीच्या. धणे अख्खे टाकू नका. पोळपाटावर लाटण्याने हलके दाबून दोन फाकळ्या करा आणि रात्रभर भिजवून पेरा. तरी उगवायला ८ ते १५ दिवस लागतात, तोवर माती उकरून बघू नये. मेथी तिसऱ्या दिवशी वर येते आणि महिनाभरात काढणीला येते, म्हणून दर १० दिवसांनी थोडी थोडी पेरा. मुळा, गाजर जागच्या जागी पेरा. रोप उपटून लावलं की मूळ फाटतं. टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये करा, २५ दिवसांनी १५ ते २० लिटरच्या कुंडीत एकच लावा आणि बांबू त्याच दिवशी रोवा. नंतर रोवलेला बांबू मुळं तोडतो. कांद्याचं बी मात्र यंदाचंच हवं, वर्ष उलटलेलं नीट उगवत नाही. कोबीचा हट्ट नको: एक कुंडी तीन महिने अडते आणि हाती एकच गड्डा येतो.

ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपांना भाजून काढतं, तेव्हा ५० टक्के शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) पहिले १०-१२ दिवस दुपारी ओढून घ्या. शेवंती कळ्या धरलेलीच आणा. तिला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो, म्हणून रस्त्यावरचा दिवा रात्रभर अंगावर पडतो तिथे कळ्यांविना आणलेलं रोप रिकामंच राहतं.

फवारणीचं सामान आधीच घरात हवं, कारण मावा (रस शोषणारी बारीक कीड) दोन दिवसांत शेंडा झाकतो. पिवळे चिकट सापळे, निंबोळी तेल (१ लिटर पाण्यात ५ मिली, सोबत १ मिली द्रव साबण) आणि हातपंप पुरे. वाटाण्यावर भुरी (पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीचा रोग) येणारच. द्राक्षपट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात पाण्यात विरघळणारं गंधक मिळतं, ते लिटरला २ ग्रॅम. मात्र गंधक आणि निंबोळी तेल यांच्यात १५ दिवसांचं अंतर राखा, नाहीतर पानं करपतात. पाणी सकाळीच द्या, तेही बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच.