दूरच्या सर्व्हरवर मराठी अक्षरे फुटतात तेव्हा

एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या सोयीने) लिनक्स सर्व्हरला जोडले, फाइल उघडली आणि मराठीच्या जागी भलतेच काही दिसले, की हात आधी फाइल दुरुस्त करायला जातो. तो आवरा. बहुतेक वेळा फाइल धड असते, फक्त दिसणे बिघडलेले असते. अशा वेळी काहीतरी बदलून सेव्ह केले, तर चांगली फाइल खरोखरच खराब होऊ शकते.

आधी बिघाडाचा चेहरा बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. काना, वेलांटी आणि हलन्तसुद्धा वेगळी मोजायची. एका अक्षराच्या जागी तीन-तीन परदेशी चिन्हे दिसत असतील आणि दर वेळी पहिले चिन्ह डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ असेल, तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ते बाइट लॅटिन-१ किंवा विंडोज-१२५२ या जुन्या रोमन संकेतांतले समजून वाचते आहे. रिकामे चौकोन दिसले तर बहुधा फॉन्ट अपुरा आहे. साधी प्रश्नचिन्हे दिसली, किंवा ‘एलएस’ या आज्ञेच्या यादीत फाइलच्या नावाऐवजी बॅकस्लॅश ३४०, २४४ असे आकडे आले, तर दोष सर्व्हरच्या लोकेलचा, म्हणजे भाषा आणि अक्षरसंकेत ठरवणाऱ्या सेटिंगचा.

तरीही नक्की होत नसेल, तर एक चाचणी पुरते. टीमक्स किंवा स्क्रीन (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणारे प्रोग्राम) चालू असेल तर त्यातून बाहेर या आणि ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा द्या. तिच्यापुढे एकेरी अवतरणात बॅकस्लॅश ३४०, बॅकस्लॅश २४४, बॅकस्लॅश २५६ आणि शेवटी बॅकस्लॅश एन लिहा, मध्ये जागा न सोडता. आकडे अर्थात इंग्रजी कळांनीच. हे ‘म’चे तीन बाइट आहेत आणि प्रिंटएफ ते लोकेलला न विचारता जसेच्या तसे पाठवते. ‘म’ उमटला तर तुमचे टर्मिनल आणि फॉन्ट ठीक आहेत, सर्व्हरकडे वळा. नाही उमटला तर सर्व्हरला हात लावू नका.

पुटीमध्ये (विंडोजवरून एसएसएचने जोडण्याच्या प्रोग्राममध्ये) दुरुस्ती ‘विंडो’खालच्या ‘ट्रान्सलेशन’मध्ये आहे: रिमोट कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ करा. मग ‘सेशन’ पानावर परत जाऊन सेव्ह दाबायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच. मेनूच्या चौकटीच्या रेघांऐवजी ‘एल’, ‘क्यू’, ‘के’ अशी अक्षरे येत असतील, तर त्याच पानावर यूटीएफ-८ मध्येही व्हीटी१०० रेघा (जुन्या टर्मिनलच्या पद्धतीच्या चौकटीच्या रेघा) चालू ठेवण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. जुन्या पुटीत तो पर्याय दिसणार नाही. नवी आवृत्ती घ्या.

सर्व्हरवर ‘लोकेल चारमॅप’ ही आज्ञा द्या. उत्तर यूटीएफ-८ हवे. ‘एएनएसआय एक्स३.४-१९६८’ असे आले तर सर्व्हर केवळ आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचा संकेत) धरून चालला आहे. ‘लोकेल -ए’ने उपलब्ध लोकेलची यादी पाहा आणि त्यातले यूटीएफ-८ वाले नाव यादीत आहे तसेच ‘लँग’ या चलात (प्रोग्राम जिथून लोकेल वाचतात त्या सेटिंगमध्ये) घाला. मराठी दिसण्यासाठी मराठी लोकेल लागत नाही. ‘सी.यूटीएफ-८’ पुरते, शिवाय त्रुटीचे संदेश इंग्रजीत राहतात आणि शोधायला सोपे जातात. यादीत यूटीएफ-८ वाले काहीच नसेल तर डेबियन-उबुंटूवर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ चालवा. रेड हॅटच्या कुळात जीलिबसी या मूळ लायब्ररीचा लँगपॅक (भाषांच्या लोकेलचा संच) बसवावा लागतो.

लँग बदलूनही फरक पडला नाही, तर ‘एलसी-ऑल’ हे चल तपासा (अशा नावांत मधली रेघ अंडरस्कोरची). ते लँगवर मात करते आणि बरेचदा कुणीतरी जुन्या बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत) ‘सी’ करून ठेवलेले असते. मॅकवरून जोडत असाल तर वेगळाच घोळ होऊ शकतो: टर्मिनल ‘एलसी-सीटाइप’मध्ये नुसते ‘यूटीएफ-८’ पाठवते, ते नाव लिनक्सला ठाऊक नसते आणि लॉगिन करताच लोकेल बदलता येत नसल्याचा इशारा येतो. टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये, प्रगत विभागात, सुरुवातीला लोकेलची चले घालण्याची खूण काढून टाका.

बदल केल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत या. टीमक्समध्ये जुनेच दिसत राहिले, तर त्याच्यापासून वेगळे होऊन ‘टीमक्स -यू अटॅच’ने परत जोडा. बॅकस्पेसने अक्षर अर्धवट पुसले जात असेल, तर ‘एसटीटीवाय आययूटीएफ८’ द्या. चुकून बायनरी फाइल ‘कॅट’ केल्याने (पडद्यावर छापल्याने) सगळा पडदाच विचित्र झाला असेल, तर न दिसताही ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबा.

दोन गोष्टी मात्र या उपायांनी सुटत नाहीत. अनेक टर्मिनले, पुटीसुद्धा, अक्षरे ठरावीक रुंदीच्या चौकटीत बसवतात, त्यामुळे जोडाक्षरे सुटी पडतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे नीट दिसला तर माहिती शाबूत आहे. दुसरी, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली. त्यांत देवनागरीचे कोड नसतातच, म्हणून कुठल्याही टर्मिनलमध्ये रोमन कचराच दिसेल. त्यांना त्या-त्या फॉन्टसाठीचा युनिकोड परिवर्तक लागतो, आणि तो मूळ फाइलीच्या प्रतीवरच चालवा.