रॉ फोटोचे रंग नेमके कुठे चुकतात? या चुका टाळा

रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) उघडली, रंग पटले नाहीत, की हात थेट ह्यू आणि सॅच्युरेशनच्या स्लायडरकडे जातो. पहिली चूक तीच. रंग त्याआधीच ठरलेले असतात: उजेड आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली दुरुस्ती), मग कॅमेऱ्याचं प्रोफाइल (सेन्सरच्या आकड्यांचं रंगांत रूपांतर करणारी फाइल), मग टोन कर्व्ह (उजळ-गडदपणाचं प्रमाण ठरवणारी रेषा). कुठली पायरी हुकली हे न बघता स्लायडर ओढले, तर लाल जागेवर येतो आणि त्वचेचा रंग बिघडतो.

पायरी ओळखायला त्याच उजेडात २४ चौकोनांच्या कलर चार्टचा एक फोटो काढून ठेवा आणि आधी तळाची करडी ओळ तपासा. सगळे करडे एकाच रंगाकडे झुकले असतील, तर व्हाइट बॅलन्स चुकलाय. उजळ करडे ठीक, पण गडद चौकोनांवर जांभळट किंवा हिरवट झाक असेल, तर संशय ब्लॅक लेव्हलवर (सेन्सरचा काळा जिथून मोजतात त्या आकड्यावर) घ्या. करडे सगळे नीट आणि तरीही लाल-निळे भलतेच, तर दोष प्रोफाइलचा किंवा दिव्याचा.

पांढऱ्या कागदावर आयड्रॉपर

आयड्रॉपरने फोटोतला तटस्थ रंग टिपून व्हाइट बॅलन्स लावताना पांढरा कागद निवडू नका. छपाईच्या कागदात बहुधा चमक आणणारी रसायनं असतात. ती अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश सोडतात. अशा कागदाला तटस्थ मानलं, की सॉफ्टवेअर तो निळा कापतं आणि फोटो पिवळट होतो. चार्टचा सर्वांत पांढरा चौकोनही टाळा, त्याच्या शेजारचा फिकट करडा घ्या. ग्रे कार्ड वापरत असाल तर त्यावर दिव्याची चकाकी येऊ देऊ नका.

डार्कटेबल या रॉ सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक गोची होते. ‘कलर कॅलिब्रेशन’ मॉड्यूल चालू असेल, तर ‘व्हाइट बॅलन्स’ मॉड्यूल ‘कॅमेरा रेफरन्स’वर ठेवायचं असतं. दोन्हीकडे दुरुस्ती केली, की ती दोनदा लागते.

उन्हातलं प्रोफाइल, एलईडीचा उजेड

सेन्सरवरचे रंगीत फिल्टर माणसाच्या डोळ्यासारखं बघत नाहीत, त्यामुळे प्रोफाइल म्हणजे शेवटी एक तडजोडच. बऱ्याच डीसीपी (अडोबीच्या पद्धतीच्या) प्रोफाइलमध्ये दोन उजेडांची माहिती असते: २८५६ केल्व्हिनचा पिवळा बल्ब आणि ६५०० केल्व्हिनच्या आसपासचं दिवसाचं ऊन. सॉफ्टवेअर या दोहोंच्या मधलं गणित करतं. स्वस्त एलईडीचा वर्णपट या दोघांसारखा नसतो. त्यासाठी त्याच दिव्याखाली वेगळं प्रोफाइल बनवा, पण चार्ट टिपताना या गोष्टी सांभाळा:

- चार्ट फ्रेमच्या मधल्या एक तृतीयांश भागात ठेवा. कडांना लेन्स अंधार करते.
- दिवा साधारण ४५ अंशांवरून पडू द्या आणि चार्टच्या चारही कोपऱ्यांवर उजेड सारखा आहे का ते मोजा.
- पांढऱ्या चौकोनात लाल, हिरवं, निळं यांतलं कुठलंच चॅनेल क्लिप होऊ (कमाल मर्यादेला टेकून तपशील गमावू) देऊ नका.
- आसपास रंगीत भिंत किंवा तुमचाच लाल शर्ट नको. त्याचं प्रतिबिंब चार्टवर येतं.

प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने चार्टचे खरे रंग आणि प्रोफाइलचे रंग यांतला सरासरी फरक अगदी कमी दाखवला म्हणून हुरळून जाऊ नका. तो आकडा त्या २४ चौकोनांपुरताच असतो. डोळ्याला एकसारखी दिसणारी दोन कापडं कॅमेऱ्याला वेगळी दिसू शकतात, आणि तिथे प्रोफाइलचा इलाज चालत नाही. तेवढा भाग मास्क करून (वेगळा निवडून) हातानेच सुधारावा लागतो.

टोन कर्व्हकडे कुणाचं लक्षच नसतं

खरा घोळ बहुतेक वेळा इथे असतो. तिन्ही चॅनेलवर एस आकाराचा कर्व्ह लावला, की कॉन्ट्रास्टबरोबर सॅच्युरेशनही वाढतं आणि काही छटा सरकतात. दिसायला छान, पण चित्राची किंवा कापडाची हुबेहूब नक्कल हवी असेल तर हा कर्व्हच शत्रू. रॉथेरपी या रॉ सॉफ्टवेअरमध्ये डीसीपी निवडल्यावर खाली ‘टोन कर्व्ह’, ‘बेस टेबल’, ‘लुक टेबल’ असे टिकचे चौकोन दिसतात. नकलेच्या कामात ‘टोन कर्व्ह’ आणि ‘लुक टेबल’ बंद करा. शिवाय ‘ऑटो-मॅच्ड’ कर्व्ह लागलेला नाही ना, तेही बघा. तो कॅमेऱ्याच्या जेपीईजीची नक्कल करतो, समोरच्या वस्तूची नाही.

लाल फूल सपाट दिसतं

पाकळीवरच्या शिरा गेल्या, नुसता लाल डाग उरला. अशा वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजळतेचा आलेख) बघून ‘फोटो ओव्हर झाला’, म्हणजे जास्त उजळ झाला, असं म्हणू नका, तो हिस्टोग्राम जेपीईजीचा असतो. रॉ हिस्टोग्राम उघडा. लाल चॅनेल तिथे शाबूत असेल, तर ते नंतर व्हाइट बॅलन्सच्या गुणकाने, कर्व्हने किंवा लहान (कमी रंग मावणाऱ्या) कलर स्पेसमुळे कापलं गेलंय. वर्किंग स्पेस, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यात काम करतं ती कलर स्पेस, प्रोफोटोसारखी मोठी ठेवा, एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली आणा, मग लालचं सॅच्युरेशन थोडं कमी करा. शिरा परत दिसू लागतील. रॉमध्येच क्लिप झालं असेल, तर त्या गेल्या.

जळालेल्या ढगांवरची गुलाबी झाक हे याचंच भावंड. हिरवं चॅनेल आधी भरतं, लाल आणि निळ्याला व्हाइट बॅलन्स वर ढकलतो. हायलाइट रिकन्स्ट्रक्शन (जळालेला तपशील भरून काढणारी सोय) चालू असूनही गुलाबी राहिलं, तर रॉ व्हाइट पॉइंट (सेन्सरचा कमाल पांढरा मानला जाणारा आकडा) थोडा खाली आणून बघा.

स्क्रीन आणि एक्स्पोर्ट

कॅलिब्रेट न केलेल्या स्क्रीनवर वरचं सगळं व्यर्थ. कॅलिब्रेटरला (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणाऱ्या उपकरणाला) डी६५ (दिवसाच्या उजेडाचा प्रमाणित पांढरा), गॅमा २.२ आणि ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढी उजळता द्या. वेबसाठी एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या कलर स्पेसमध्ये एक्स्पोर्ट करा आणि प्रोफाइल फाइलमध्येच एम्बेड करा. अडोबी आरजीबी या त्याहून मोठ्या कलर स्पेसची फाइल प्रोफाइलशिवाय पाठवली, तर समोरच्याला ती फिकी दिसते, आणि तो म्हणतो कॅमेराच खराब आहे.