वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बातम्या: रीडर कोणता निवडावा

हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यातल्या एका लहान वाचनालयाची मी ग्रंथपाल. आमच्याकडे पेपर दापोलीहून एसटीने येतात. पावसात गाडी रखडली की पेपर दुपारी, कधी थेट दुसऱ्या दिवशी. पण सकाळी नऊला दार उघडते तेव्हा बाकावर दोघं-तिघं बसलेलेच असतात. कुणाला तुडतुड्याच्या फवारणीबद्दल काही नवीन आलंय का ते हवं असतं, कुणाला मासेमारी बंदीच्या तारखा. त्यांच्यासाठी मी रोज दहा-बारा संकेतस्थळं एकेक करून उघडायची. त्यात तास जायचा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटचा डेटाही संपायचा.

फीड लावल्यापासून हे थांबलं. फीड म्हणजे संकेतस्थळानेच ठेवलेली एक साधी फाइल: नव्या मजकुराचं शीर्षक, दुवा आणि थोडा सारांश, कधी पूर्ण लेख. आरएसएस नावाची ही पद्धत १९९९पासून आहे, आणि पॉडकास्ट आजही तिच्यावरच चालतात. जाहिराती आणि व्हिडिओंनी भरलेल्या पानापुढे ही फाइल अगदी हलकी असते. रीडर या फाइली आणून एका जागी मांडतो.

रीडर निवडताना लोक रंगरूप बघतात. मी सांगेन, आधी एवढंच विचारा: तुमचा कॉम्प्युटर बंद असताना बातम्या कोण गोळा करतंय?

हे मला ‘निसर्ग’ वादळानंतर कळलं. ३ जून २०२०ला ते आलं, तेव्हा करोनामुळे वाचनालय बंद होतं आणि कॉम्प्युटर मी घरी आणून ठेवला होता. आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. आल्यावर पहिल्यांदा थंडरबर्ड (कॉम्प्युटरवरच बसवायचा ईमेल आणि फीडचा प्रोग्रॅम) उघडलं. आठवड्यातून एक-दोनदा लिहिणाऱ्या शेतीच्या ब्लॉगचे सगळे लेख आले, एकही चुकला नाही. वर्तमानपत्रांच्या फीडमध्ये मात्र फक्त ताज्या बातम्या होत्या. नेमक्या आमच्याच पट्ट्यातल्या पडझडीच्या बातम्या त्या फीडमधून कधीच निघून गेल्या होत्या. कारण साधं आहे: फीडमध्ये शेवटचे थोडेच लेख राहतात. वर्डप्रेसवर, म्हणजे अनेक संकेतस्थळं ज्यावर बनतात त्या प्रणालीवर, कुणी काही बदललं नसेल तर दहाच. नवीन आला की जुना खाली पडतो, आणि मधल्या काळात तो कुणी उचलला नसेल तर तुमच्या हाती लागत नाही.

म्हणून आता मी दोन्ही प्रकारचे रीडर वापरते: नेटवर चालणारा आणि आपल्या कॉम्प्युटरवर बसवलेला. भरभर बदलणारी वर्तमानपत्रं इनोरीडरवर. फीडलीही याच जातीचं. फीड त्यांचा सर्व्हर, म्हणजे त्यांच्याकडचा सतत चालू असलेला कॉम्प्युटर, आणतो, आपल्याकडे वीज असो वा नसो. शिवाय मोबाइलवर वाचलेलं कॉम्प्युटरवरही वाचलेलं दिसतं. पण नेट नसेल तर कॉम्प्युटरवर हाती काही राहत नाही. सावकाश लिहिणारे ब्लॉग म्हणूनच थंडरबर्डमध्ये. तिथे फाइल मेन्यूत ‘न्यू’, त्यात ‘फीड अकाउंट’ घ्यायचं आणि मग पत्ते भरायचे. फीडमध्ये पूर्ण लेख येत असेल तर तो आपल्याच डिस्कवर उतरतो आणि नेट गेल्यावरही वाचता येतो. नुसत्या दोन ओळी येत असतील तर हा फायदा नाही, तेव्हा आधी एक-दोन लेख उघडून बघा.

ब्राउझरमध्येच राहायचं असेल तर फीडब्रोसारखं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आहे. फायरफॉक्समधली स्वतःची फीडची सोय डिसेंबर २०१८मध्ये काढली गेली, त्यामुळे जुन्या लेखांतली ती कृती आता शोधत बसू नका.

फीडचा पत्ता सापडत नाही, अशी तक्रार सगळेच करतात. आधी संकेतस्थळाचा नेहमीचा पत्ताच रीडरला द्या, बहुतेक वेळा तो स्वतः शोधून काढतो. नाही जमलं तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत जोडा. वर्डप्रेसवर एवढ्याने काम होतं.

एका बाबतीत मात्र मी फीडवर विसंबत नाही. तांडेल काका येऊन विचारतात, “बाय, वाऱ्याचं काय म्हणतायत?” तेव्हा मी हवामान खात्याचं पान त्यांच्यासमोर उघडते. रीडर ठरावीक वेळानेच नवं आणतो, आणि समुद्रात जायचं की नाही हे तासाभरापूर्वीच्या मजकुरावर ठरवायचं नसतं. इशाऱ्यांसाठी त्यांच्या मुलाच्या फोनवर मी ‘सचेत’ अ‍ॅप घालून दिलंय.

सुरुवातीला आठ-दहा फीड पुरेत. महिनाभर जे उघडलंच नाही ते काढून टाका. दिवसाला शंभर बातम्या टाकणारं वर्तमानपत्र घेताना जिल्ह्याच्या पानाचा वेगळा फीड आहे का बघा. आमच्या बाकावरच्या मंडळींना तेवढंच लागतं.

आणि यादीची प्रत ठेवा. खूप वापरात असलेलं गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झालं. आजचं एखादं उद्या होऊ शकतं. ओपीएमएल नावाच्या एका लहान फाइलीत सगळे पत्ते बाहेर काढता येतात आणि दुसऱ्या रीडरमध्ये तशीच ती फाइल घालता येते. थंडरबर्डमध्ये त्यासाठी फीडच्या सदस्यत्वाच्या खिडकीत ‘एक्स्पोर्ट’चं बटण आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती पेन ड्राइव्हवर घेते, आणि तो सभासद रजिस्टरच्या कपाटात, दमट हवा लागू नये म्हणून झाकणाच्या डबीत ठेवते.